सूचक मी, अनुमोदक निमिष

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

विनीतानं आज ही वही आणून दिली. म्हणाली, "तुला जे काही ग्रुपवर लिहावंसं वाटतं ते आधी यात लिही, एक दिवस जाऊ दे आणि मग टाक." मागच्या आठवड्यात मी राजीवला 'गाड्यांमधला ढ' म्हणालो, त्यावरून त्याच्या बायकोनं विनीताशी बोलणं टाकलंय. गुन्हा माझा, शिक्षा बायकोला आणि गृहपाठ पुन्हा मलाच. असो.

आमचं मराठी मोटार मंडळ, मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना. सभासद आठ. दर शनिवारी सकाळी नऊला बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागच्या पार्किंग लॉटमध्ये जमायचं, बॉनेट उघडायची, थर्मासमधला चहा प्यायचा आणि भांडायचं. तीन मराठी माणसं जमली की चौथी वस्तू इतिवृत्ताची वही असते, तशी आमचीही आहे. सेक्रेटरी मी, गेली अकरा वर्षं. ठराव झाला की सूचक श्रीरंग, अनुमोदक निमिष. एकदाही यात बदल झालेला नाही. निमिष आणि मी पंचवीस वर्षांपूर्वी एकाच विमानानं इथे आलो, एकाच अपार्टमेंटमध्ये राहिलो आणि एकाच महिन्यात दोघांनी जुनी थंडरहेड घेतली. आठ सिलिंडर, सहा गिअर, हातानं टाकायचे.

आज विषय एकच होता. नवीन थंडरहेडचे फोटो आले. आठाचे सहा सिलिंडर केलेत. मॅन्युअल गिअर काढून टाकलाय, फक्त ऑटोमॅटिक. आणि इंजिनाचा आवाज म्हणे स्पीकरमधून येणार!

राजीव म्हणाला, "अरे पण लूक बघ ना! आणि नंबर्स बघ, आधीपेक्षा फास्टर आहे."

शंतनू आमच्यातला सगळ्यात लहान. इथेच जन्मलेला, अँब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. तो म्हणाला, "फेक एग्झॉस्ट साउंड, काका? दॅट्स जस्ट सॅड."

मी म्हटलं, ही गाडी म्हणजे आरतीला टाळ्यांची कॅसेट लावण्यातला प्रकार आहे. सगळे हसले. निमिष हसला नाही.

खरी गोची पुढेच आहे. हे इंजिन-बिंजिन कळायच्या आधी, एप्रिलमध्येच आम्ही दोघांनी ही गाडी बुक केली होती. डीलरनं जुनं गिऱ्हाईक म्हणून माझ्या खात्यावर दोन गाड्या धरल्या, एक माझी, एक निमिषची. डिलिव्हरी १२ डिसेंबर.

आज निमिषची गाडी लॉटमध्ये वळताना दोनदा बंद पडली. मी ओरडलो, "लर्नर्स परमिट काढ रे!" पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मला ही संधी मिळाली होती.

शनिवार, २० सप्टेंबर

माझा कानांवर विश्वास बसत नाहीये. निमिष नव्या गाडीच्या बाजूनं बोलला.

हा तोच माणूस, ज्यानं एकदा भाड्याची ऑटोमॅटिक मिळाली म्हणून विमानतळावरच्या काउंटरवर अर्धा तास वाद घातला होता. "डावा पाय झोपून राहणार असेल तर बसनं जावं," असं म्हणायचा. आज थर्मासला टेकून उभा राहिला आणि मुद्देच मांडायला लागला. नवीन चेसिस जास्त ताठ आहे, वळणावर जुनीपेक्षा बरी बसते, सहा सिलिंडरमुळे पुढचं वजन घटलंय. "आपण आवाजाच्या प्रेमात आहोत, गाडीच्या नाही," म्हणाला. "नवीन गाडीला तिच्या जागी ठेवून बघा. चांगली गाडी आहे ती."

मी म्हटलं, "आणि क्लच?"

"क्लच नाही तर नाही. गाडी चालवायची असते, श्री."

मला राग आला. कारण मुद्दे चांगले होते. राजीवनं तर टाळ्याच वाजवल्या. मी म्हटलं, माणूस पन्नाशीला आला की आधी गुडघे जातात आणि मग तत्त्वं. 

निघताना शंतनू माझ्यापाशी आला. "श्रीरंगकाका, निमिषकाकांचा लेफ्ट फूट ड्रॅग होतोय. यू नोटिस? ही शुड सी समबडी." मी म्हटलं, नवीन बूट आहेत. ह्या पोराला सगळीकडे पेशंटच दिसतात.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सोनं द्यायला निमिषकडे गेलो. सई, म्हणजे त्याची बायको, दारातच म्हणाली, "तो बसलाय, आत या." स्वतः उठून आला नाही. नंतर पानं द्यायला उठला तर सपाट गालिच्यावर अडखळला, तबक पालथं. मी म्हटलं, "काय रे, दुपारीच?" तो हसला. सई हसली नाही. विनीतानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती माझ्या ओळखीची आहे, पण आज कशासाठी होती ते कळलं नाही.

हल्ली त्याला ऑफिसला सईच सोडते. स्टिअरिंग बायकोच्या हातात दिलेलं दिसतंय. मी सोडतो का आता!

रविवार, १२ ऑक्टोबर

निमिषनं जुनी थंडरहेड विकली. मला न सांगता. शार्लटहून कुणी आला आणि घेऊन गेला. मला राजीवकडून कळलं. राजीवकडून!

तिचा पहिला क्लच आम्ही दोघांनी माझ्या गराजमध्ये बदलला होता. तीन दिवस लागले, चार स्क्रू उरले, तरी ती चालली. निदान फोटो काढायला तरी बोलवायचं. मी फोन केला तर म्हणाला, "नवीन येतेय ना, दोन कुठे ठेवू?" आवाज जड येत होता. झोपेतून उठवलं बहुतेक.

हे वहीत लिहिलं, ग्रुपवर नाही. विनीताला दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "त्याला ती गाडी घेऊ दे ना रे. तुझं काय जातं?" मी म्हटलं, प्रश्न गाडीचा नाही, तत्त्वाचा आहे. ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

डीलरकडे नमुन्याची गाडी आली, म्हणून सगळे बघायला गेलो. मी चालवली. वेग आहे, नाही असं नाही. पण पायात काही लागत नाही, हातात काही येत नाही, आणि स्पीकर आपला गुरगुरतोय. उतरल्यावर मी स्वच्छ हात धुऊन आलो.

निमिषनं मात्र सेल्समनला कोपऱ्यात घेऊन अर्धा तास छळलं. सीट उतरायच्या वेळी आपोआप मागे सरकते का. दार किती उघडतं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातानं चालवायची काही सोय नंतर बसवता येते का. असले प्रश्न! आणि पुन्हा पुन्हा एकच, "डिसेंबर ट्वेल्थ मीन्स डिसेंबर ट्वेल्थ, राइट?" लहान मुलासारखी घाई. आपणच कंपनीला नाही म्हटलं नाही तर ते जुनं इंजिन परत का आणतील? एवढं साधं गणित त्याला कळू नये?

शनिवार, १ नोव्हेंबर

आज ठराव झाला.

बातमी अशी की पुढच्या वर्षी, लोकांनी फार ओरड केली तर, कंपनी मॅन्युअल गिअरची थंडरहेड काढणार आहे. म्हणजे थांबायचं! मी ठराव मांडला: 'मंडळाचा कोणताही सभासद नवीन थंडरहेड सध्याच्या स्वरूपात घेणार नाही.' राजीव कुरकुरला, "यार, हे काय हायकमांड आहे का?" पण त्याला तशीही ती घ्यायची नव्हती, नुसता वाद हवा होता. बाकीच्यांनी हात वर केले.

निमिष आला नव्हता. डरहमला काहीतरी काम होतं म्हणे. इतिवृत्तात अनुमोदकाची जागा रिकामी बरी दिसत नाही. मी त्याचं नाव घातलं. अकरा वर्षं तेच नाव तिथे जातंय, हात आपोआप लिहितो. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, नाव बघितलं की त्याला स्वतःची आठवण होईल.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सकाळी डीलरला फोन करून दोन्ही गाड्या कॅन्सल केल्या. खातं माझं, त्यामुळे दोन मिनिटांत झालं. मग ग्रुपवर टाकलं: 'ठरावानुसार निमिष आणि मी आमच्या दोन्ही गाड्या कॅन्सल करत आहोत.' अंगठ्यांचा पाऊस पडला.

दहा मिनिटांनी निमिषचा फोन.

"दोन्ही?"

मी म्हटलं, "दोन्ही. तुझं भलंच करतोय. वर्षभर थांब, खरी गाडी येईल. हात जोडशील मला."

  तो म्हणाला, "वर्षभर. बरं."

बरं म्हणजे बरं. मला वाटलं होतं जास्त तणतण करेल.

शनिवार, २९ नोव्हेंबर

चार शनिवार निमिष आला नाही. फोन उचलत नाही. मेसेजला उत्तर म्हणून अंगठा. रुसलाय. रुसू दे. पुढच्या वर्षी मॅन्युअल गाडी दारात आली की आपोआप रुसवा जाईल.

शनिवारी मजा येत नाही मात्र. आज मी नव्या गाडीला शिव्या घातल्या तर सगळे हो हो म्हणाले. कुणी उलट बोलेना. चहा लवकर संपला.

शुक्रवार, १२ डिसेंबर

काय लिहू. क्रमानं लिहितो.

सकाळी विनीता चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आज निमिषची गाडी यायची होती ना रे? बिचारा. सई सांगत होती, डीलरनं डेट पुढे ढकलली. काही लवकर करून नाही का घेता येणार तुला? तुझी ओळख आहे तिथे."

मी म्हटलं, "पुढे ढकलली नाही. मी कॅन्सल केली."

ती खाली बसली. खुर्चीवर नाही, जिथे उभी होती तिथे.

मग तिनं सांगितलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून तिला माहीत होतं. सईनं शपथ घातली होती. ए.एल.एस. नसा स्नायूंना हुकूम द्यायचं सोडून देतात, एकेक करून. आधी डावा पाय. मग उजवा, हात, जीभ, शेवटी श्वास. त्याच्या बाबतीत वेग जास्त आहे. डरहमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा पाय उन्हाळ्यापर्यंत टिकेल असं धरून चालू नका, पण हिवाळाभर ऑटोमॅटिक चालवायला आमची हरकत नाही.

त्याला ह्या हिवाळ्यात ती गाडी चालवायची होती. तेवढंच होतं त्याच्याकडे.

आणि त्यानं बायकोला सांगितलं, डीलरनं ढकलली. माझं नाव घेतलं नाही.

विनीता म्हणाली, "मी तुला म्हटलं होतं, घेऊ दे त्याला." हो, म्हटलं होतं. ते ह्याच वहीत लिहिलेलं आहे. आज मागची पानं वाचली. मी सगळं लिहून ठेवलंय. गाडी बंद पडली, तबक पडलं, आवाज जड. प्रत्येकावर एक विनोद केलाय.

शनिवार, १३ डिसेंबर

निमिषकडे गेलो. सईनं दार उघडलं. तिला अजून माहीत नव्हतं, कारण माझ्याशी नीट बोलली. मी दारातच सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं आणि बाजूला झाली.

तो वॉकर समोर ठेवून खिडकीपाशी बसला होता. मी रडलो. त्यानं टिश्यूचा डबा पुढे ढकलला. उजव्या हातानं, डावा मांडीवरच होता.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? एक शब्द. मी मंडळ विकून गाडी आणली असती."

तो म्हणाला, "म्हणूनच. तू दया म्हणून हो म्हणाला असतास. मला तुझ्याशी वाद घालून हवी होती. मुद्दे चांगले होते माझे."

"चांगले होते."

"मग?"

 मी म्हटलं, "मी आणतो गाडी. कुठूनही आणतो."

"आण," म्हणाला. "पण लवकर."

सोमवार, ५ जानेवारी २०२६

आमच्या दोन गाड्या कॅन्सल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढच्या नंबरांना गेल्या होत्या. एक रॅली शहरातल्या एका दंतवैद्यानं घेतली. त्याच्या क्लिनिकमध्ये जाऊन बसलो, सगळं सांगितलं. तो चांगला माणूस होता, डोळे पुसले त्यानं, पण गाडी दिली नाही. बायकोच्या वाढदिवसाची होती. नॉर्थ कॅरोलायना, साउथ कॅरोलायना, व्हर्जिनिया, सगळीकडे फोन करतोय. सगळीकडे वर्षाच्या पुढचा नंबर.

मंडळाला आजाराचं आता कळलंय. कॅन्सलचं नाही. ते म्हणजे आम्ही दोघांनी मिळून केलं, असंच त्यांना वाटतं. सांगायचंय. शनिवारी सांगेन.

शनिवार, १७ जानेवारी

नाही सांगितलं. राजीव निमिषबद्दल बोलताना रडायला लागला आणि मध्येच आपलं कुठे काढायचं असं वाटलं. हे कारण खोटं आहे. मला भीती वाटली.

गुरुवार, २९ जानेवारी

आता रोज संध्याकाळी निमिषकडे जातो. त्याची जीभ जड झालीय. सई, त्यांची बारा वर्षांची मुलगी इला आणि मी सोडलो तर बाकीच्यांना त्याच्या बोलण्याचा अर्थ लागत नाही. फोनवर राजीवला आणि बाकीच्यांना मीच सांगतो, तो काय म्हणतोय ते. आज उजवा पाय उचलायला तीनदा प्रयत्न करावा लागला. त्यानं माझ्याकडे बघितलं. गाडीचं विचारलं नाही. आठवड्याभरापासून विचारत नाहीये.

शुक्रवार, ६ मार्च

मिळाली. रिचमंडला एका गिऱ्हाइकानं ऐनवेळी नाही म्हटलं. विनीतानं मला तिथे सोडलं आणि परत येताना मी एकटा तीन तास चालवत आणली. निळी. स्पीकरमधून गुरगुरत होती. वळणावर खरंच चांगली बसते. जुनीपेक्षा चांगली. त्यानं सप्टेंबरात सांगितलेला एकेक मुद्दा खरा आहे. हे कुणाशी बोलू?

शनिवार, ७ मार्च

सकाळी आठला गाडी निमिषच्या दारात उभी केली. शंतनूला मदतीला बोलावलं होतं. व्हीलचेअर ड्राइव्हवेवर आणली. निमिष गाडीकडे बघत राहिला, मग नजर स्टिअरिंगकडे नेली.

आम्ही दोघांनी उचलून त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन बंद होतं. शंतनूनं त्याचे हात स्टिअरिंगवर ठेवले, ते घसरले, पुन्हा ठेवले. उजव्या पायाकडे तो बराच वेळ बघत होता. पाय पेडलवर होता, पण नुसता ठेवलेला. इला फोन घेऊन समोर उभी राहिली. "बाबा, लुक हिअर." तो हसला. फोटो चांगला आलाय. कुणालाही वाटेल की आता निघणार आहे.

मग त्याला शेजारच्या सीटवर हलवलं. बेल्टबरोबर मानेलाही पट्टा लावला आणि मी चालवायला बसलो. तो म्हणाला, "लॉटवर."

मंडळ जमलं होतंच. गाडी आत शिरली तसे सगळे धावत आले. मी त्याच्या बाजूची काच खाली केली. राजीव वाकून म्हणाला, "काय निमिष! शेवटी आणलीच का ह्यानं? अरे, बहिष्कार तर तुम्हीच दोघांनी टाकला होता! ठरावाचं काय आता?" तो हे प्रेमानंच म्हणाला. सगळे हसले, डोळे ओले करून हसले. "सांग ना, कशी वाटली?"

निमिष बोलला. वेळ लागला त्याला. सगळे वाट बघत होते. बोलून झाल्यावर राजीवनं माझ्याकडे बघितलं, कारण त्याला काही अर्थ लागला नव्हता. मला अक्षर न् अक्षर लागलं होतं. निमिष म्हणाला होता, "सांग त्यांना. मला हवी होती. मी कॅन्सल केली नव्हती."

सहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. पंचवीस वर्षांत त्यानं माझ्याकडे मागितलेलं हे सगळ्यात सोपं काम होतं.

मी म्हटलं, "म्हणतोय, गाडी बरी आहे, पण जुनी ती जुनीच."

केवढा हशा झाला. टाळ्या झाल्या. राजीव गाडीच्या टपावर थाप मारून ओरडला, "बघा! अनुमोदक शेवटपर्यंत ठाम!"

निमिषला मान वळवता येत नाही, फक्त डोळे वळवता येतात. त्यानं ते माझ्याकडे वळवले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला सुरुवात केली, पहिल्यापेक्षा सावकाश, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे निदान कुणाला तरी कळेल.

मी त्याच्या बाजूची काच वर केली.